अनुभव धागा : गावातला उद्योग – यंत्र आलं, पुढे काय?

मैत्रिणींनो, मराठवाडा, विदर्भ, माणदेश या कोरडवाहू पट्ट्यात बायकांनी उद्योग उभारावा म्हणून योजना पुष्कळ आहेत. यंत्र मिळतं, प्रशिक्षण मिळतं, उद्घाटनाचा नारळही फुटतो. आणि पुढच्या दिवाळीला तेच यंत्र पोत्याखाली झाकलेलं दिसतं. यंत्र बिघडलेलं नसतं. कच्चा माल घ्यायला हातात रोकड उरलेली नसते आणि विकलेल्या मालाचे पैसे दुकानदाराकडे अडकलेले असतात, म्हणून ते बंद पडतं.

या धाग्यावर यशोगाथा नकोत. तुम्ही जे काम जाणता त्याची मापं, भाव, कागद, आणि ते कुठे फसतं ते लिहा. नव्याने सुरुवात करणाऱ्या बाईला उद्या सकाळी वापरता येईल असं.

मिरचीकांडप

सुरुवात हिशेबापासून करते, कारण मसाल्यात बचत गट बुडतात ते चवीमुळे नाही, हिशेबामुळे. खालचे भाव उदाहरणादाखल आहेत, तुमच्या बाजाराचे घालून बघा.

सुकी मिरची ५० किलो, २०० रुपयांनी १०,००० रुपये. आणायचं भाडं ३००. डेठ काढणं आणि वाळवणं, दोन बायका दोन दिवस, रोज ३५० धरून १,४००. डेठ-बिया-कचरा जाऊन डंकावर (कांडपयंत्रावर) ४६ किलो जाते, २० रुपये किलोने ९२०. कांडताना-चाळताना उडून हाती येते ४४ किलो. पाव किलोची १७६ पाकिटं, पिशवी आणि लेबल मिळून ४ रुपये, म्हणजे ७०४. एकूण १३,३२४. पाकीट पडलं साधारण ७५ रुपये ७० पैशांना.

छापील किंमत ११० ठेवली आणि दुकानदाराने २० टक्के घेतले तर हातात ८८ येतात. पाकिटामागे १२ रुपये ३० पैसे, सगळी विकली तर २,१६४ रुपये. आता यातली फक्त १८ पाकिटं गाठी होऊन परत आली असं धरा. २,१६४ चे ५८० होतात. दहा टक्के माल परत आला की जवळजवळ पाऊण कमाई जाते, हे पाठ करून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे ती १,४०० रुपयांची मजुरी धरायचीच नाही, "आपल्याच हातचं आहे" म्हणून. मग भाव शंभर ठेवला जातो. मागणी वाढली, बाहेरची बाई कामाला लावावी लागली, की पाकिटामागे जेमतेम चार रुपये उरतात, आणि थोडा माल परत आला की तोटा.

गाठी का होतात? कांडताना पावडर गरम होते. ती गरमच पिशवीत भरली की आत वाफ धरते, पाणी सुटतं, आठ-पंधरा दिवसांत गाठ आणि मग बुरशी. कांडून आली की स्वच्छ चादरीवर पातळ पसरा, पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. मिरची वाळली का हे बोटांनी कळतं. मोडली की कटकन तुटली पाहिजे, वाकली तर अजून ऊन हवं. मिरची पावडरीत ओलावा ११ टक्क्यांच्या आत असावा लागतो. पावसाळ्यात ढग आले तर त्या दिवशी कांडायचंच नाही. पल्व्हरायझर (दळण्याचं यंत्र) असेल तर सलग चालवू नका, थांबवून थांबवून चालवा. तापलं की रंग आणि वास दोन्ही जातात.

रंगाला ब्याडगी, तिखटपणाला गुंटूर किंवा लवंगी. प्रमाण वहीत लिहून ठेवा. दर वेळी तिखट वेगळं लागलं तर गिऱ्हाईक परत येत नाही.

दालमिल (यवतमाळ)

धागा काढणाऱ्या ताईंनी भांडवलाचं दुखणं बरोबर पकडलं. डाळीत त्यावर एक सरळ उपाय आहे: पहिली दोन वर्षं तूर विकत घेऊच नका. शेतकऱ्याची तूर भरडून द्या आणि किलोमागे भरडाई घ्या. माल त्याचा, भावाची जोखीम त्याची, तुमचं यंत्र आणि हात. तूर जानेवारीपासून घरात येते, तेव्हाच घरची वर्षाची डाळ करून घ्यायची घाई असते. दोन-तीन महिन्यांत यंत्राचा वर्षभराचा बराच हप्ता निघू शकतो.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली पीकेव्ही मिनी दालमिल गटांना झेपते. पद्धत अशी. आधी तूर चाळून दाण्याचे आकार वेगळे करा. ही पायरी टाळली तर मोठा दाणा फुटतो आणि बारीक दाणा सालासकट सुटतो. मग एमरी रोलरवरून (खरखरीत थर असलेल्या रुळावरून) एकदा काढायची, म्हणजे सालाला ओरखडे पडतात. त्यावर खाद्यतेल चोळायचं, क्विंटलला २०० ते ५०० मिली. ऊन खाऊ द्यायचं, एक-दोन दिवस. मग पाणी शिंपडून ढीग रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी पुन्हा वाळवून यंत्रात. साल सुटते, दाणा दोन भागांत फुटतो.

क्विंटलला ७० ते ७५ किलो डाळ आली तर काम ठीक चाललंय. त्याखाली आली आणि चुणी (डाळीचा चुरा) वाढली तर बहुतेक वेळा तूर नीट वाळलेली नसते, किंवा रोलर आणि जाळीतलं अंतर कमी असतं. रोलरची एमरी झिजली तर उलटं होतं, साल सुटत नाही आणि बायका तोच माल तीनदा काढत बसतात. वीज दुप्पट, तुकडा दुप्पट. चुणी आणि टरफल कोणाचं हे माल घेतानाच ठरवा. गुरांना ते चालतं, त्याला भाव आहे, आणि भांडणं नेमकी त्यावरूनच होतात.

वजन शेतकऱ्यासमोर दोनदा करायचं, येताना आणि जाताना. पावतीवर दोन्ही आकडे, त्याची सही किंवा अंगठा.

विजेबद्दल एक. घरगुती मीटरवर यंत्र चालवू नका. तपासणीत सापडलं तर त्या वापराचं बिल दुप्पट दराने आकारतात. औद्योगिक जोडणीचा अर्ज यंत्राची ऑर्डर देण्याआधी करा, कारण बऱ्याचदा यंत्र आधी येतं आणि मीटर मागून. गावात थ्री फेज दिवसा किती तास असते ते आधी आठवडाभर लिहून काढा. रात्रीच येत असेल तर सिंगल फेजवर चालणारी मोटर विचारात घ्या. रात्री दोन वाजता गिरणीवर बाई एकटी थांबणार नाही, आणि तिने थांबावं असा हिशेब कोणी मांडूही नये.

बँकसखी

कागदांचं सांगते. अर्ज परत येतो तो तीन जागी.

पहिली, जागेचा कागद. शेड सासऱ्यांच्या नावावर, अर्ज सुनेच्या नावावर. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा आणि ज्यांच्या नावावर जागा त्यांच्याकडून भाडेकरार किंवा संमतीपत्र करून घ्या. ते कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी वर्षांचं नको. घराला पती-पत्नी दोघांचं नाव लागू शकतं, शेतीला लक्ष्मी मुक्ती योजनेतून सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. उद्योगाचा विषय निघण्याआधीच हे उरकलेलं बरं. कर्जाच्या वेळी मागितलं की घरात संशय येतो.

दुसरी, जुनं कर्ज. मायक्रोफायनान्सच्या दोन-तीन गटकर्जांचे हप्ते चालू असतात, एखादा चुकलेला असतो, आणि सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदीच्या अहवालात, ते दिसतं. अर्जाआधी आपला अहवाल काढून बघा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या घरगुती उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असू नयेत, आणि मायक्रोफायनान्स कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. छोटी कर्जं आधी मिटवा, मग मोठ्याला हात घाला.

तिसरी, कोटेशन. यंत्राचं कोटेशन येतं, पण कच्च्या मालाचा आकडा प्रकल्प अहवालात शून्य. निदान तीन महिन्यांचा माल, मजुरी आणि वीज खेळतं भांडवल म्हणून अहवालात लिहा आणि कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची) मागणी त्याच अर्जात करा. नंतर वेगळी मागितली की "आधीचं फेडा" असं उत्तर मिळतं.

अनुदानाचा गैरसमजही दूर करते. अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के आणि स्वतःचा वाटा ५ टक्के. पण दोन्हीत ही रक्कम हातात येत नाही. ती बँकेत वेगळी राहते आणि तीन वर्षांनी कर्जात जमा होते. मध्येच उद्योग बंद पडला तर ती परत जाते. म्हणून "अनुदानातून मिरची घेऊ" हे मनातून काढा. मंजुरीआधी यंत्र घेतलं तर ते धरत नाहीत. योजना सध्या कोणत्या अटींवर चालू आहे ते अर्जाआधी तालुका कृषी कार्यालयात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. कोणी हजार रुपये मागत असेल तर देऊ नका.

म्हसवड परिसर (माणदेश, सातारा)

हप्त्याबद्दल थोडं जोडते. इथली माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली सुरू झाली. तिचा परवान्याचा पहिला अर्ज प्रवर्तक बायका निरक्षर आहेत म्हणून नाकारला गेला होता. बायका शिकल्या आणि रिझर्व्ह बँकेकडे पुन्हा गेल्या: व्याजाचा हिशेब कॅल्क्युलेटरशिवाय तुमचे अधिकारी लवकर करतात की आम्ही, ते बघा म्हणाल्या. त्या बँकेने दारात जाऊन वसुली करायची पद्धत धरली, कारण बँकेत यायचं म्हणजे बाईचा एक रोज बुडतो.

यातून घ्यायचं ते असं की हप्ता पैसा येतो त्या दिवसाला बांधा. भाजी, अंडी, खानावळ असेल तर आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. पापड-मसाल्याला दिवाळी आणि उन्हाळा धरून. कर्ज घेतानाच हे मागता येतं, नंतर नाही. बाजाराच्या दिवशी आलेल्या पैशाला घरात शंभर वाटा फुटतात.

वाळवण

उडदाचे पापड. एक किलो पिठाला साधारण ३० ग्रॅम पापडखार, ३५ ग्रॅम मीठ. खार जास्त झाला तर पापड तळताना लाल पडतो. डाळ जुनी असली तरी लालच पडतो, म्हणून खार कमी करण्याआधी डाळ बदलून बघा. कडक उन्हात थेट घातले की कडा वळतात आणि पाकिटात तुकडे होतात. आधी सावलीत, मग थोडा वेळ उन्हात.

घरोघरी लाटायला देत असाल तर पीठ वजन करून द्या आणि पापड वजन करूनच घ्या, नगावर नको. लाटण्याची मजुरी त्याच दिवशी. तिथे उशीर झाला की चांगली लाटणारी बाई दुसऱ्या गटाकडे जाते.

शिलाई

गणवेशाची ऑर्डर जूनमध्ये हवी असते आणि कापड येतं मे अखेरीला. कापड कधी पोचणार याची तारीख करारात लिहून घ्या, उशीर झाला तर दंड कोणाला हेही. शिवणारे हात पुरेसे असतात, पण काज आणि ओव्हरलॉकला एकच मशीन असतं, सगळा माल तिथे तुंबतो. दहा शिलाई मशीन घेण्याआधी काजाचं एक घ्या.

विक्री आणि वसुली

दुकानात पहिल्या फेरीला दहा पाकिटं ठेवा, पन्नास नाही. दुसऱ्या फेरीला आधीचे पैसे घेतल्याशिवाय नवा माल नाही. नात्यातला दुकानदार असला तरी.

मोठा खरेदीदार असेल तर बिलावर उद्यम क्रमांक छापा. लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. थकले तर छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण नोंदणी करताना "उत्पादन" निवडलेलं हवं. "व्यापार" निवडलं असेल तर हे संरक्षण मिळत नाही, आणि नोंदणी दुसऱ्याकडून भरून घेतली की हीच चूक होते.

मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेला जाताना १०० आणि २५० ग्रॅमचीच पाकिटं जास्त न्या. शहरातलं गिऱ्हाईक आधी चाखायला घेतं. क्यूआर कोड गटाच्या खात्याचा लावा, मुलाच्या नाही. नाहीतर गटाची उलाढाल बँकेला दिसतच नाही आणि पुढचं कर्ज अडतं. एसटीत बाईला तिकीट निम्मं आहे, मालाचं भाडं वेगळं, ते किमतीत धरा.

मिरचीकांडप

वरच्या ताई, जीएसटीचं राहिलं. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण मसाला हैदराबादला किंवा बेळगावला विकला की पहिल्या पाकिटापासून लागते. प्रदर्शनात परराज्यातली ऑर्डर घेण्याआधी हे बघा. आणि लेबलावर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, बॅच नंबर, तारीख. बॅच नंबर नसेल तर एक पाकीट खराब निघालं की सगळा माल परत बोलवावा लागतो. आम्ही तारीख आणि डंकाचा घाणा एवढंच लिहितो, उदाहरणार्थ १२०३-२, म्हणजे १२ मार्चचा दुसरा घाणा. तेवढं पुरतं.