रीपरमध्ये आठवा फेडर ओढला की सिंथचा आवाजही का विरतो?

पेटीवाली_सांगली
नमस्कार मंडळी. आमच्या महिला भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी घरीच, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. दोन माईक, पेटी माझी, आणि सूर धरायला एका ट्रॅकवर सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) पॅड, म्हणजे सलग धरलेला सूर, काळी चार. माऊसने आवाज वरखाली करून मनगट भरून यायचं, म्हणून कोर्गचा नॅनोकंट्रोल २ हा कंट्रोलर घेतला. आठ फेडर (वरखाली सरकवायचे खुंटे), आठ नॉब, पेटीशेजारी बसेल एवढाच.

आठवा फेडर टाळांना जोडलाय. तो खाली ओढला की टाळांबरोबर पॅडही विरत जातो. दुसरा सरकवला की पॅड थरथरतो. पहिल्या चॅनलचं 'आर' बटण दाबून धरलं, तर कीबोर्डची पट्टी सोडली तरी सूर वाजतच राहतो. आणि गाण्याच्या ट्रॅकचा फेडर जरा हलला की आवाज एकदम उसळतो. परवा कडव्याच्या ऐन चढावर तो उसळला. काकू सत्तरीच्या आहेत, त्यांना पुन्हा गा म्हणताना जिवावर आलं. काय चुकतंय माझं?

तारा_जुळवा
ताई, तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की दुखणं लगेच सापडलं. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातली निरोपांची भाषा, आणि सीसी म्हणजे तिच्यातले नंबर दिलेले कंट्रोल निरोप. सीसी मोडमध्ये या कंट्रोलरचे फेडर ० ते ७ हे नंबर पाठवतात. म्हणजे आठव्याचा ७, आणि मिडीत ७ म्हणजे व्हॉल्यूम. दुसऱ्याचा १, म्हणजे मॉड्युलेशन; बरेच सिंथ त्यावर सूर थरथरवतात. पहिल्या 'आर'चा ६४, तो सस्टेन पेडलचा. वस्तू चोख आहे, फक्त तिचा निरोप दोन घरी जातोय. पॅडच्या ट्रॅकचं इनपुट 'ऑल मिडी इनपुट्स'वर असणार, बघा. तिथे फक्त तुमचा कीबोर्ड निवडा.

मग प्रेफरन्सेसमधल्या मिडी इनपुटच्या यादीत नॅनोकंट्रोलवर राइट क्लिक करून साधं इनपुट बंद करा आणि कंट्रोल मेसेजचं तेवढं चालू ठेवा. म्हणजे नवा ट्रॅक उघडला तरी हा त्रास परत होणार नाही.

रात्रपाळी_मिक्सर
वरचं बरोबरच आहे. मी याशिवाय कोर्गच्या कंट्रोल एडिटरमध्ये फेडरचे नंबर १०२ ते १०९ करून टाकले. १०२ ते ११९ कुठल्याच ठरीव कामाला दिलेले नाहीत. नंतर लर्न, म्हणजे कुठला फेडर कशाला जोडायचा ते रीपरला शिकवणं, मात्र सगळं नव्याने करावं लागतं.

आवाज उसळण्याचं कारण वेगळं. या फेडरला मोटर नाही. पडद्यावर आवाज एका जागी, हातातला फेडर दुसऱ्या जागी. हलवला की पडद्यावरचा उडी मारून हाताशी येतो. माझी पद्धत सांगतो. गाण्याच्या ट्रॅकवर रीपरचाच व्हॉल्यूम/पॅन स्मूदर हा इफेक्ट टाका, त्यातला व्हॉल्यूम एकदा माऊसने हलवा, इफेक्टच्या खिडकीतल्या 'परॅम'मधून 'लर्न' घ्या, फेडर सरकवा आणि 'सॉफ्ट टेकओव्हर'वर खूण करा. आता फेडर आवाजाच्या जागी पोचेपर्यंत काहीच होणार नाही, तिथून पुढे तो हाताबरोबर चालेल. स्मूदर यासाठी की मिडीच्या सीसीला १२८च पायऱ्या असतात, आणि लांबवलेल्या आलापीवर त्या कानाला लागतात.

पेटीवाली_सांगली
दोघांचेही मनापासून आभार. इनपुट खरंच 'ऑल'वरच होतं. ते बदललं, टाळ पार तळाला नेले, पॅड जागचा हलला नाही. सॉफ्ट टेकओव्हरही लावलं. सुरुवातीला फेडर मेल्यासारखा वाटतो, मग आवाज हाताला लागतो तो क्षण बोटाला कळतो.

एकच विचारते. हे वरखाली करणं ऑटोमेशनमध्ये लिहून घ्यायचं, म्हणजे रीपर ते पुढच्या वेळी आपोआप करेल, तर टच ठेवू की लॅच?

रात्रपाळी_मिक्सर
लॅच. तुमच्या फेडरला बोट ठेवलं-उचललं कळत नाही, त्यामुळे टचमध्ये हात जरा थांबला की आवाज जुन्या जागी परततो. लॅचमध्ये सोडाल तिथे राहतो. कडवं संपलं की ट्रॅक 'रीड'वर, म्हणजे लिहिलेलं नुसतं वाचण्यावर, न्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी वाजवताना फेडरला धक्का लागला तर लिहिलेलं पुसलं जाईल.