फोटोबुकची डमी (नमुना प्रत): दोन प्रकारची घरं, एकच पुस्तक. क्रम, बांधणी, कागद?

आडवी_चौकट: घरकाम करणाऱ्या एका बाईंचं घर आणि त्या जिथे कामाला जातात ती घरं, असं फोटोबुक करतोय. ७० फोटो निवडलेत, त्यांतले निम्मे आडवे. पुस्तक उभं, २० × २५ सेंमी, २०० प्रती. डावीकडे त्यांचं घर, उजवीकडे मालकांचं अशी डमी केली, पण चौथ्या जोडपानापासून ती कंटाळवाणी होते. काय बदलू?

उजवे_पान: डावं-उजवं मोडाच. दुसऱ्या जोडपानावर वाचकाला सूत्र कळतं आणि मग तो फोटो बघायचं सोडून फरक मोजत बसतो. त्याहून वाईट म्हणजे बाईंचं घर घर राहत नाही, गरिबीचा पुरावा होऊन बसतं.

सगळे फोटो १० × १५ सेंमीत साध्या कागदावर छापा, जमिनीवर पसरा आणि घर कोणाचं ते विसरून लावा: खिडकीशेजारी खिडकी, हाताशेजारी हात. किल्ल्यांचा जुडगा पान ११ वर खुंटीला दिसला आणि पान ३९ वर बाईंच्या मुठीत आला, तर मधल्या अंतरामुळेच तो लक्षात राहतो. पान उलटताना नजर आधी उजवीकडे जाते. महत्त्वाचा फोटो तिथे ठेवा, डावं पान कोरं राहिलं तरी चालेल. ७० चे ४०-४५ होईपर्यंत काढत राहा. प्रत्येक रचना मोबाइलवर टिपून ठेवा, कारण आधीचीच बरी होती असं हमखास वाटतं.

दोरा_शिवण: आडवा फोटो एका पानात बसवला तर दोन्हीकडे २ सेंमी समास सोडून जेमतेम १६ × १०.७ सेंमी उरतो. जोडपानभर घेतला तर कणा, म्हणजे मधली बांधणीची घडी, तो गिळतो. नुसत्या डिंकाच्या बांधणीत प्रत्येक बाजूचे ८-१० मिमी दिसेनासे होतात, म्हणून दोऱ्याची शिवणच घ्या. १६ पानी फर्म्यात (घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यात) सलग कागद फक्त मध्यावर असतो. ५ फर्म्यांच्या ८० पानांत अशा जागा पाचच: ८-९, २४-२५, ४०-४१, ५६-५७, ७२-७३. मोठे आडवे फोटो तिथे टाका आणि घडीवर चेहरा येऊ देऊ नका.

कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा, नाहीतर पानं लाटांसारखी उठतात. तो ओळखायला कागदाच्या तुकड्याची एक बाजू ओली करा. तुकडा वळून जी नळी होते, तिच्या लांबीची दिशा म्हणजे ग्रेन. अनकोटेड (गुळगुळीत थर नसलेला) कागद, १३०-१४० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) वजनाचा छान, पण तो शाई पितो आणि अंधाऱ्या खोलीतले बारकावे बुजतात. फोटोतल्या सावल्या थोड्या उजळ करा आणि त्याच कागदावर चाचणी छापा. एक घर मुद्दाम उजळ, दुसरं काळोखं असं मात्र करू नका.

फोटोओळ: मजकुराचंही बघा. अमेरिकन छायाचित्रकार जिम गोल्डबर्ग यांनी १९८५ च्या ‘रिच अँड पुअर’ या फोटोबुकमध्ये श्रीमंत आणि गरीब, दोघांनाही आपापल्या फोटोवर स्वतः लिहायला दिलं होतं. बाईंचं हस्ताक्षर घेणार असाल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि फक्त काळ्या शाईत छापा. चार रंगांत छापलं आणि एखाद्या रंगाची छपाईची प्लेट जरा सरकली, तर बारीक रेघांना रंगीत कडा येतात.

छपाईआधी डमी बाईंसोबत पानोपान बघा. पुस्तक, प्रदर्शन आणि वेब यांची संमती वेगवेगळी घ्या. मालकांचीही घ्या, नाहीतर त्यांच्या घरातले फोटो छापल्याची किंमत बाईंना कामावरून जाऊन मोजावी लागेल. दारावरच्या पाट्या, कागदपत्रं आणि मुलांचे चेहरे भिंग लावून तपासा.