साता, वासारा आणि एझर: एकाच काळातले नव्हेत

'फिनिश भाषेत संस्कृत शब्द आहेत' असं म्हटलं जातं, त्यात दुरुस्ती हवी. फिनिशमधले साता (शंभर) आणि वासारा (हातोडा) हे शत आणि वज्र यांचे सगोत्र (एकाच मुळातले) खरे, पण ते संस्कृतातून नाही, त्याआधीच्या इंडो-इराणी बोलींतून (संस्कृत आणि इराणी भाषांच्या समान पूर्वज बोलींतून) गेले. उरल पर्वताच्या दक्षिणेकडची सिंताश्ता संस्कृती (सुमारे इ.स.पू. 2100 ते 1800) त्यासाठी महत्त्वाची, कारण तिथे अशा बोली बोलल्या जात असाव्यात असं मानलं जातं.

फिनिशच्या नात्यातल्या हंगेरियन भाषेतला एझर (हजार) मात्र इराणी थरातला, म्हणजे नंतर इराणी भाषांतून घेतलेल्या शब्दांपैकी. 'सहस्र'मध्ये जिथे 'ह' आहे, तिथे इराणीत 'झ' येतो, आणि एझरमध्ये नेमका तोच दिसतो. आपला 'हजार'ही फारसीतूनच आलाय! म्हणून नुसत्या सारखेपणावरून काळ ठरवू नका. आधी एकेक ध्वनी जुळवून पाहा, नाहीतर वेगवेगळ्या काळांचे थर एकत्र मिसळतात.