काळी गाडी, रत्नागिरीचा खारा वारा, बजेट १२ हजार : सिरॅमिक, पीपीएफ की वॅक्स?

मांडवीकर
पाडव्याला नवी गाडी येतेय. छोटी एसयूव्ही, रंग काळा. घर रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर. गाडी अंगणात उघड्यावर राहणार, एका अंगाला हापूसचं कलम, दुसऱ्या अंगाला माड. जांभ्याची लाल धूळ आहेच. विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. आंबा घाटातून कोल्हापूरला नेहमी जाणं, अधूनमधून मुंबई.
शोरूमवाले २४ हजारांच्या सिरॅमिक कोटिंगसाठी (रंगावर लावायचा, वाळून कडक होणारा पातळ थर) मागे लागलेत. माझ्याकडे रंगाच्या काळजीसाठी १२ हजार आहेत, वर जाणार नाही. धुणं-पुसणं स्वतः करणार, हौस आहे. जाणकारांनी सांगा.

चिन्मय_बाणेर
डोळे मिटून पीपीएफ करा, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, पूर्ण गाडीला. मी केलंय, १ लाख १० हजार लागले आणि एका रुपयाचंही दुःख नाही. सोसायटीच्या गेटला दार घासलं, फिल्मवर ओरखडा उठला आणि गाडी उन्हात उभी राहिल्यावर तो भरून आला. खालच्या रंगाला काही नाही. लोक अजून विचारतात, गाडी नवीन घेतली का म्हणून. एवढ्या लाखांची गाडी घेताय तर बजेट थोडं वाढवा.

मांडवीकर
बजेट १२ हजारच आहे.

शुभदा_ठाणे
शोरूममधलं काहीही घेऊ नका. आम्हाला गाडी घेताना टेफ्लॉन कोटिंग गळ्यात मारलं. पहिला पावसाळा सरला आणि बॉनेटवर पाणी पूर्वीसारखंच पसरून राहायला लागलं. विचारायला गेलो तर म्हणे, मॅडम, दर चार महिन्यांनी यायला हवं होतं. हे पैसे घेताना कुणी सांगितलं नव्हतं, पावतीवरही नाही. अजून राग जात नाही.

घाटमाथा
रंग बदला. पांढरी किंवा चंदेरी घ्या, निम्मे प्रश्न तिथेच संपतात. काळ्यावर बोट फिरवलं तरी दिसतं. आमची पांढरी आहे, आठवड्याने धुतली तरी चालते.

सिरॅमिक_सात_वर्षं
सिरॅमिकच. ९एच कडकपणा असतो, ओरखडा पडतच नाही. माझी गाडी आजही आरसा आहे. २४ हजार जास्त वाटत असतील तर बाहेरच्या डिटेलिंगवाल्याकडे १८ पर्यंत होईल.

रंगकाम_कोल्हापूर
गाड्यांना रंग मारणं हाच माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर आधी ई-कोट (गंजरोधक थर), मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. चमक त्याची, आणि ऊन-पाऊस सोसतो तोही तोच. दरवेळी रबिंग-पॉलिश केलं की यातलेच काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. म्हणून "फुकट पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.
सिरॅमिकचा थर वाळल्यावर जेमतेम एक-दोन मायक्रॉन उरतो. पाणी आणि चिखल सहज निघतो, चमक छान येते, हे खरं. पण उडालेली खडी तो अडवू शकत नाही. ९एच हा आकडा पेन्सिलीच्या टोकाने घासून बघायच्या चाचणीचा आहे, त्यामुळे ओरखडा पडतच नाही हे म्हणणं बरोबर नाही. पीपीएफची फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, ती खडी झेलते. घ्यायचीच तर टीपीयूची (लवचिक पॉलियुरेथेनची) आहे का ते विचारा. स्वस्तात पीव्हीसीची चिकटवतात, ती उन्हाने पिवळी पडते आणि काढताना जीव जातो.
शुभदाताई, टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला. तव्यावर बसवताना तेवढी उष्णता देता येते, गाडीच्या रंगाला देता येत नाही. तुम्हाला मिळालं ते बहुधा पॉलिशच.

सिरॅमिक_सात_वर्षं
मी वापरतोय आणि अनुभव सांगतोय. ओरखडा पडला नाही म्हणजे नाही.

रंगकाम_कोल्हापूर
तुम्ही गाडी नीट धुत असणार, त्याचं श्रेय तुम्हालाच आहे.

चिन्मय_बाणेर
म्हणजे पीपीएफच. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

टोरांटोकर
मूळचा राजापूरचा. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे रंगापेक्षा गाडीच्या पोटाची चिंता जास्त. थंडीच्या आधी खालून गंजरोधक तेलाचा फवारा मारून घेतात. कोकणात वाऱ्यातच मीठ आहे, तेव्हा धुताना चाकांच्या कमानी आणि खालची बाजू गोड्या पाण्याने मारायची सवय ठेवा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात, ती चिखलाने बुजली की पत्रा आतून गंजतो. अंडरबॉडी कोटिंग करणारे ती भोकंही बुजवून टाकतात, समोर उभं राहून करून घ्या.

घाटमाथा
काळ्या गाडीत उन्हाळ्यात बसवत नाही, हा मुद्दा कुणी घेतच नाहीये.

मांडवीकर
रंग ठरलाय. आईने पसंत केलाय.

घाटमाथा
बरं. पण मग तक्रार करू नका.

लांजेकर
कोटिंगाचं नंतर बघा, आधी ती गाडी कलमाखाली उभी करू नका. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे पडतात, त्यांचा चिकट पदार्थ काचेवर-टपावर बसतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. मग फवारणीचे शिंतोडे. मग आंब्याचा चीक. चीक लागला तर आंब्याची साल भाजते, रंगाचं काय घेऊन बसलात! रात्री वटवाघळं येतात ती वेगळीच. आणि माडाखाली गाडी कोण लावतं? झाप पडली तरी टप दबतो, नारळाचं तर विचारूच नका. आमच्या शेजाऱ्यांची मागची काच गेली.

रंगकाम_कोल्हापूर
लांजेकर अगदी बरोबर. पक्ष्यांची विष्ठा आम्ल असते आणि उन्हात तापलेला क्लिअर कोट मऊ झालेला असतो. दुपारभर राहिली की खड्डा पडल्यासारखा डाग बसतो, तो सिरॅमिकवरही बसतो. दिसली की ओलं फडकं ठेवायचं, पाच मिनिटं मुरू द्यायचं, मग उचलून घ्यायचं. घासायचं नाही.

शुभदा_ठाणे
ओरखड्यांचं खरं कारण रोज सकाळी एकाच फडक्याने दहा गाड्या पुसणारे. आमच्याकडे कोरड्या धुळीवर फडकं मारतात. उन्हात बघितलं की सगळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा.

रंगकाम_कोल्हापूर
हो, आणि नव्या गाडीला त्या रेघा शोरूममध्येच पडतात. मांडवीकर, यात एक पैसा लागत नाही : आजच शोरूमला लेखी कळवा की गाडी धुऊ नका, पॉलिश करू नका, संरक्षक प्लास्टिक काढू नका, मी आल्यावर काढू. ताबा घ्यायला उजेडी जा.
घरी धुताना दोन बादल्या, एक शाम्पूची, एक मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खंगाळायची. आधी नुसत्या पाण्याने लाल धूळ उतरवायची, जांभ्याची माती बारीक कंकरासारखी घासते. टपापासून खाली यायचं, चाकांचा मिट वेगळा. भांड्यांचा साबण नको, वॅक्स निघून जातं. मचूळ पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही, मायक्रोफायबरने लगेच टिपायचं. पांढरे ठिपके बसलेच तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून लावायचं आणि लगेच धुवायचं.
बारा हजारांत माझा सल्ला : समोरचा बंपर आणि बॉनेटची पुढची पट्टी एवढ्यालाच टीपीयू फिल्म, चार ठिकाणी भाव विचारून. उरलेल्या गाडीला सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच पण कृत्रिम, हाताने लावायचं.

सिरॅमिक_सात_वर्षं
किंवा १८ हजारांत सिरॅमिक, म्हणजे हे सगळं करायला नको.

टोरांटोकर
पावसाळ्यात पागोळीचं पाणी पिंपात साठवा. पहिल्या आठवड्याचं सोडून द्या, नंतरचं गाळून घ्या. डाग पडत नाहीत.

मांडवीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय झाला.
सिरॅमिक नाही, पीपीएफही नाही. घराच्या मागे जुना गोठा आहे. गुरं गेली, आता त्यात पेंढा आणि फुटकी कौलं. भिंती चिऱ्याच्या, वर नळे. उंची पुरते, दार तेवढं अरुंद आहे. गवंड्याशी बोललो, एका बाजूची भिंत काढून रुंद करून द्यायचे आणि माल-मजुरी धरून तो साडेआठ हजार म्हणाला. उरलेल्यात शाम्पू, दोन बादल्या, चांगली मायक्रोफायबर आणि सीलंटची एक बाटली. शोरूमला मेल केलाय, प्लास्टिक काढणार नाहीत असं उत्तर आलंय.

चिन्मय_बाणेर
आंबा घाटातली खडी गोठ्यात येणार नाही, रस्त्यावर येणार. पहिला टवका उडेल तेव्हा हा धागा आठवेल.

मांडवीकर
उडेल, मान्य आहे. टचअपची बाटली घेऊन ठेवेन. खडी कधीतरी, चीक आणि खारं वारं रोज.

लांजेकर
उंदरांचं काय? पेंढा तिथे ठेवलात तर वायरी कुरतडतील. पेंढा, भाताचं पोतं, काही ठेवायचं नाही. झरोक्यांना बारीक जाळी मारा.

रंगकाम_कोल्हापूर
निर्णय माझ्या सल्ल्याविरुद्ध आहे, पण वाईट नाही. दोन गोष्टी पाळा. काढलेल्या बाजूला बंद दार बसवू नका, पावसातून आलेली ओली गाडी कोंदट जागेत राहिली तर उघड्यापेक्षा लवकर गंजेल. आणि जुनी जमीन वीतभर खणून काढा, तिच्यात गोमूत्र मुरलेलं असतं. वर जांभ्याचे तुकडे आणि कोबा.

मांडवीकर
कोबा हिशेबात धरला नव्हता. गवंड्याला उद्या विचारतो.

घाटमाथा
पांढरी असती तर गोठाही लागला नसता.

शुभदा_ठाणे
रंगकाम, धागा माझा नाही, पण विचारते. आमच्या गाडीवर त्या टेफ्लॉनचं काही उरलं असेल तर सीलंटच्या आधी काढावं लागेल का? आणि त्या रेघा?

रंगकाम_कोल्हापूर
काही उरलेलं नसणार. नीट धुवा, भरपूर पाणी मारत क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवा, हाताला काचेसारखं गुळगुळीत लागलं की सीलंट लावा. रेघांसाठी एकदाच चांगल्या माणसाकडून मशीन पॉलिश, आणि त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का ते आधी विचारा. नसेल तर गाडी परत आणा.