मदत हवी आहे: बोगमाळोच्या संग्रहालयातलं सी हॉक आणि आमच्या भिंतीवरचा फोटो

फोंड्याची_सुमी:

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे विमानवेडे पुष्कळ आहेत म्हणून विचारते.

गेल्या रविवारी लेकाला घेऊन बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात गेले होते. वास्कोला कामानिमित्त शंभरदा जाणं होतं, पण विमानतळापुढे बोगमाळोच्या रस्त्याला लागायचं राहूनच जातं. संग्रहालय 1998 पासून आहे आणि मी पहिल्यांदा गेले ती आत्ता! बाहेर उघड्यावर विमानं उभी आहेत. ते अगडबंब सुपर कॉन्स्टेलेशन, सी हॅरियर, आलिझे, कामोव्ह हेलिकॉप्टर. लेक मात्र एका छोट्याशा जेटपाशी जाऊन अडला आणि हलेचना. सी हॉक.

कारण घरी भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आहे. ते दाबोळीला नौदलाच्या वर्कशॉपात फिटर होते. पंख वर दुमडलेलं सी हॉक, पुढ्यात हे चौघे-पाच जण, हाताला ग्रीस. मागे पेनने 'दाबोळी, 1969' एवढंच लिहिलंय. शेपटी पूर्ण दिसते, पण नंबर असायला हवा तिथे नेमकं दुसऱ्याच कुणाचं डोकं आलंय.

आता घरातला वाद. मोठे दीर छातीठोकपणे सांगतात की संग्रहालयात आहे ते हेच विमान, 71 च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून चितगावला हेच गेलं होतं. आणि 61 ला गोवा मुक्तीच्या वेळी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले तेही सी हॉकचेच. सासरे मात्र असं काही सांगत नसत. 'ती जर्मनीची चार बोटं उंच असायची' एवढंच म्हणायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी काहीतरी बोलतात. तेव्हा विचारायला हवं होतं, आता ते नाहीत.

लेकाला शाळेत तक्ता लावायचा आहे. फोटोखाली 'हे आजोबांचं विमान' लिहू का, असं तो विचारतोय. खोटं लिहायला नको वाटतं. शिवाय त्याचा आणखी एक प्रश्न, ज्याच्यापुढे मी गप्पच झाले: 'आई, ह्याला मागे भोकच नाही, मग धूर कुठून जातो?' खरंच नाहीये!

वास्कोवारा:

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण पोराचा प्रश्न सगळ्यात भारी आहे. सी हॉकमध्ये रोल्स रॉइस नीन हे एकच इंजिन, अगदी मध्यभागी. हवा आत येते पंखांच्या मुळाशी पुढून, आणि जळका वायू नेणारी नळी आत दुभंगून दोन्ही बाजूंना पंखांच्या मुळाशीच मागे उघडते. पँटच्या दोन पायांसारखी. शेपटीपर्यंत लांबलचक नळी नेली नाही म्हणून मागचं पोट मोकळं राहिलं, आणि तिथे इंधनाची टाकी बसवता आली. मूळ नमुना 1947 चा, तेव्हा हॉकर कंपनीची ही युक्ती होती. पुढच्या वेळी पोराला पंख जिथे संपतो तिथे मागच्या बाजूला बघायला सांगा, दोन्हीकडे भोकं सापडतील.

शेपटीखाली दिसतो तो हूक. विक्रांतच्या डेकवर तारा ताणलेल्या असत, त्यात तो अडकवून विमान थांबवायचं.

जुना_दर्यावर्दी:

सुमीताई, तुमच्या दिरांना दुखवायचं नाही, पण 18 डिसेंबर 1961 ला दाबोळीवर बॉम्ब टाकले ते हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बर विमानांनी, पुण्याहून येऊन. बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर हंटर गेले होते, तेही हवाई दलाचेच. विक्रांत तेव्हा समुद्रात होती खरी, पण दाबोळीची धावपट्टी सी हॉकच्या खात्यावर जात नाही. दाबोळी नौदलाकडे त्यानंतर आली, आणि आयएनएस हंसा, म्हणजे नौदलाचा विमानतळ, सुलूरहून इथे हलली ती 1964 ला.

71 ची गोष्ट खरी आहे. 4 डिसेंबरला विक्रांतवरून सी हॉक उडाली, आधी कॉक्स बझार, मग चितगाव. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, तरीही. त्या युद्धात शत्रूने एकही सी हॉक पाडलं नाही. पण दाबोळीत 1969 ला उभं असलेलं विमान 71 ला विक्रांतवर होतं, हे फोटोवरून कुणीच सांगू शकणार नाही. ते लिहू नका.

आणि सासऱ्यांचं 'चार बोटं उंच' हे म्हातारपणाचं बोलणं नव्हे हो! नौदलाकडे सी हॉक तीन वाटांनी आली. 1959 ला मागवलेली कोरी करकरीत, मग ब्रिटिश नौदलाने वापरलेली, आणि तिसरी पश्चिम जर्मनीच्या नौदलाची 28. जर्मनांनी स्टारफायटर ही नवी लढाऊ विमानं घेतली तेव्हा ही मोकळी झाली, आणि 1965 च्या युद्धानंतर सरळ विक्री अडचणीची म्हणून इटलीमार्गे व्यवहार झाला. जर्मनांनी आपल्यासाठी बनवून घेतलेल्या विमानांची उभी शेपटी मुळातच उंच होती. फिटर माणूस शिडी लावून तिथे चढणारा. त्याला चार बोटांचा फरक कळणारच.

फोटोत बघा, आडव्या शेपटीच्या वर उभी शेपटी किती उरते ते. नेटवर विक्रांतवरच्या 1961-62 च्या सी हॉकचे फोटो मिळतील, त्यांच्याशी ताडून पाहा.

नारळीपाक:

संग्रहालयातल्या विमानावरच्या आकड्यांवर फार विसंबू नका. खारं वारं, गोव्याचा पाऊस, दर काही वर्षांनी रंग चढवावाच लागतो. खरी ओळख विमानाच्या आत ठोकलेल्या कंपनीच्या पट्टीवर असते. ती बघायची तर तिथल्या अधिकाऱ्यांना रीतसर पत्र द्या, फोटोची प्रत जोडा. वर्कशॉपातल्या माणसाचं घर म्हटल्यावर सहसा नाही म्हणत नाहीत.

वास्कोवारा:

एक राहिलं. पोराला सी हॉक आणि सी हॅरियर एकापाठोपाठ दाखवा. दोन्ही एकाच स्क्वाड्रनची, 300 नंबरची, 'पांढरे वाघ' म्हणतात तिची. 1960 ला सी हॉकवर सुरुवात, 1983 ला हॅरियर आली, ती 2016 पर्यंत. तक्त्यावर हे लिहिलंत तर बाईंनाही ठाऊक नसेल!

फोंड्याची_सुमी:

बाईंना म्हणजे मलाच, मी त्याच शाळेत शिकवते. ठाऊक नव्हतं.

काल रात्री फोटो भिंतीवरून काढला. काच पुसून, भिंग घेऊन, नेटवरच्या तीन फोटोंशी ताडून पाहिला. आमच्या फोटोतली शेपटी उंच आहे. ठळकपणे. दिरांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, 'बाबांनी मला हे कधी सांगितलं नाही.' सांगितलं होतं, सगळ्यांसमोर, दर गणपतीला.

बोगमाळोच्या विमानाचं मात्र अडलंय. मोबाइलमध्ये तेवीस फोटो आहेत, सगळ्यांत लेकाचे दात, शेपटी एकातही पुरी नाही. येत्या रविवारी परत जाणार आहोत, दीरही येतो म्हणतात. पत्र लिहून ठेवलंय.

तक्त्यावर त्याने लिहिलंय: 'आजोबा दाबोळीत हे विमान दुरुस्त करायचे. हे जर्मनीहून आलं होतं. धूर बगलेतून जातो.'