मदत हवी आहे: आइस शेल्फखालच्या सीटीडी नोंदीतले अतिशीत पाणी खरे की उपकरणाचा दोष?

अंटार्क्टिकातल्या रॉस आइस शेल्फमध्ये (समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फात) गरम पाण्याने पाडलेल्या एका बोअरहोलमधून घेतलेल्या सीटीडी नोंदी प्रबंधासाठी अभ्यासते आहे. (सीटीडी म्हणजे पाण्याची वाहकता, तापमान आणि खोली मोजणारे उपकरण; वाहकतेवरून क्षारता काढतात.) बर्फाच्या तळालगतच्या पहिल्या 8-10 मीटरमध्ये पाण्याचे तापमान तिथल्या गोठणबिंदूपेक्षा 0.02 अंशाने कमी दिसते, म्हणजे पाणी अतिशीत आहे. हे खरे असेल तर तिथे बर्फ वितळत नसून पाणी नव्याने गोठते आहे, म्हणजे माझा निष्कर्षच उलटतो. म्हणून घाई करायची नाही.

गोठणबिंदू टीईओएस-10 (समुद्राच्या पाण्याचे गुणधर्म काढण्याची आंतरराष्ट्रीय प्रमाण समीकरणे) ने, त्या-त्या खोलीच्या दाबानुसार काढला आहे (दर 100 मीटरला तो साधारण 0.075 अंशाने उतरतो, हे धरले आहे). दाबाचा शून्यदोष काढला, तापमान स्थितिज (दाबाचा परिणाम वजा केलेले) नव्हे तर प्रत्यक्षच वापरले. तरी फरक जात नाही. उपकरण वर ओढतानाच्या नोंदीत मात्र तो जवळजवळ निम्मा होतो, आणि क्षारताही थोडी जास्त येते. त्यामुळे वाहकता मोजणाऱ्या नळीत बर्फाचे स्फटिक अडकले असावेत, किंवा बोअरहोलचे गोडे पाणी खाली आले असावे, असा संशय आहे. दोन्हींत क्षारता खोटीच कमी दिसेल आणि गोठणबिंदू वर सरकेल.

माझ्याकडे तीनच प्रोफाइल (खोलीनुसारच्या नोंदी) आहेत, तीही एक मीटरच्या सरासरीची. कच्च्या नोंदी, कॅमेऱ्याची चित्रे काही नाही. नवीन मोजणी शक्य नाही.

एवढ्यावरून नळीतला बर्फ, बोअरहोलचे पाणी आणि खरे अतिशीत पाणी यांत फरक कसा करायचा? की वरचे 10 मीटर सरळ वगळावेत?