मदत हवी : ५.१ चा आवाज दोन स्पीकरवर, संवाद दबतात

दारव्हा तालुक्यातल्या गावात शाळेच्या मैदानावर एका स्वतंत्र मराठी कौटुंबिक चित्रपटाचा मोफत खेळ आहे. निर्मात्याची लेखी परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत मिळाली आहे. कापूस वेचून बाया परततात, म्हणून वेळ सातची.

फाइल डीसीपी (चित्रपटगृहात दाखवायचं डिजिटल रूप) आहे, कुलूप नाही, त्यामुळे केडीएमचा (कुलूप उघडणाऱ्या डिजिटल किल्लीचा) प्रश्न नाही. हार्ड डिस्क लिनक्स फॉरमॅटची, विंडोजला दिसेना, उबुंटूवरून उतरवली. डीसीपी-ओ-मॅटिक या सॉफ्टवेअरमधून एमपी४ केली, १०८०, २४ फ्रेम. चित्र छान आहे.

अडलंय आवाजात. तो ५.१ आहे, म्हणजे सहा चॅनेल : डावं, उजवं, मधलं, मागची दोन आणि जाड आवाजाचं सबवूफर. पहिल्या वेळी फक्त डावं-उजवं चॅनेल घेतलं, तर संवादच गायब, कारण ते मधल्या चॅनेलवर असतात. मग मधलं चॅनेल उणे ३ डेसिबलवर दोन्हीकडे मिसळलं. आता बोलणं येतं, पण उघड्यावर हळू वाक्यं विरतात आणि आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येतं. या चित्रपटाचा सगळा जीव चुलीजवळच्या हळू बोलण्यात आहे, तेच हरवलं तर खेळ लावून उपयोग नाही.

१५ इंची दोन स्पीकर आणि चार चॅनेलचा मिक्सर, एवढंच आहे. तिसरा स्पीकर मिळणार नाही. निर्मात्याकडे वेगळं स्टिरिओ मिश्रण नाही. जनरेटर पडद्यामागे तीस मीटरवर राहील.

मधलं चॅनेल ० वर नेऊन डावं-उजवं आणि मागची दोन किती डेसिबल उतरवावीत, म्हणजे आवाज फाटणार नाही? सबवूफरचं चॅनेल सरळ गाळावं का? आणि वर कॉम्प्रेसर (हळू-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) लावायचा तर रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, किती ठेवावा?